फोन सगळ्यांचा, पण विचारलं कुणाला?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माझ्या भाचीला रुग्णवाहिकेचा नंबर पाठ आहे. पोलिसांचा पाठ आहे, घरातल्या सगळ्यांचे मोबाइल नंबर पाठ आहेत. तिला जन्मापासून ऐकू येत नाही.

२०२१ च्या पावसाळ्यातली गोष्ट. अमरावतीत मध्यरात्री माझ्या बहिणीच्या छातीत कळ आली. घरात मायलेकी दोघीच. भाचीने मोबाइल उचलला आणि नंबर लावला. पलीकडे कुणीतरी फोन घेतला हे तिला कळलं, कारण पडद्यावर सेकंद मोजले जाऊ लागले. तिने गळ्यातून निघेल तसा आवाज काढला. तो आवाज घरच्या माणसांना समजतो, परक्याला समजत नाही. थोड्या वेळाने सेकंद थांबले. तिने पुन्हा लावला, पुन्हा तेच झालं. मग ती अनवाणी पळत सुटली आणि समोरच्या काकूंचं दार दोन्ही हातांनी बडवू लागली. काकू उठल्या, त्यांच्या मुलाने गाडी काढली, बहीण वाचली. फोनवर असलेल्या माणसाला मी दोष देत नाही. रात्री दोन वाजता असा आवाज आला तर त्याने काय समजावं? पण दुसऱ्या दिवशी भाचीने मला वहीत लिहून विचारलं, "मामू, हा नंबर कुणासाठी आहे?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे समजलं ते आज तुमच्यासमोर मांडतो आहे. विषय जरा रुक्ष वाटेल. अपंगांना वापरता येईल अशी टेलिफोन सेवा, आणि त्या सेवेवर देखरेख ठेवताना अपंगांचा सहभाग. पण हा विषय शेवटी त्या रात्रीच्या दारापाशी येऊन थांबतो, म्हणून थोडा धीर धरा.

आधी एक इतिहासातली गंमत. टेलिफोनचा शोध लावणारा अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हा पेशाने बहिऱ्या मुलांचा शिक्षक होता. त्याच्या आईला कमी ऐकू यायचं. ज्या मेबलशी पुढे त्याने लग्न केलं, तिची श्रवणशक्ती लहानपणीच्या तापात गेलेली. म्हणजे ज्याच्या घरातच बहिरेपण होतं, त्याच्या हातून १८७६ च्या मार्च महिन्यात असं यंत्र जन्माला आलं की ज्याचा बहिऱ्यांना काडीचा उपयोग नव्हता! बेलला त्यांचा कळवळा नव्हता असं नाही. पण बहिऱ्या मुलांनी हातांची भाषा सोडावी, ओठ वाचावेत आणि तोंडाने बोलावं, असं त्याचं ठाम मत होतं. त्यांच्यासाठी काय चांगलं, हे त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं बहिऱ्यांसाठी टेलिफोन म्हणजे भिंतीवरची शोभेची वस्तू होती. ही कोंडी फुटली १९६४ साली, आणि ती फोडली एका बहिऱ्या माणसानेच. अमेरिकेतले रॉबर्ट वाइटब्रेक्ट हे भौतिकशास्त्रज्ञ होते, आणि त्यांना ऐकू येत नव्हतं. टंकयंत्रावर उमटणारं अक्षर आवाजात बदलायचं, तो आवाज साध्या टेलिफोनच्या तारेतून पाठवायचा आणि पलीकडच्या यंत्राने त्याचं पुन्हा अक्षर करायचं, अशी युक्ती त्यांनी काढली. त्यांच्या जोडीला जेम्स मार्स्टर्स नावाचे दंतवैद्य आणि अँड्र्यू साक्स नावाचे गृहस्थ होते. तेही दोघे बहिरे. कंपन्यांनी भंगारात काढलेले जुने टेलिप्रिंटर गोळा करून त्यांनी हे जाळं उभं केलं.

पण या यंत्रावर दोन बहिरे एकमेकांशी बोलू शकत होते. डॉक्टरकडे, दुकानात, पोलिसांकडे असं यंत्र नव्हतं. त्यावर उपाय म्हणून आली ती रिले सेवा. रिले म्हणजे मधला निरोप्या. बहिरा माणूस टाइप करतो, मध्ये बसलेला कर्मचारी ते पलीकडच्याला वाचून दाखवतो. पलीकडचा बोलतो, कर्मचारी ते टाइप करून बहिऱ्याला पाठवतो. पुढे व्हिडिओ आल्यावर टाइप करण्याचीही गरज उरली नाही. बहिरा माणूस पडद्यासमोर हातांनी बोलतो, दुभाषा ते तोंडाने सांगतो. मधल्या माणसाने आपल्या पदरचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही आणि ऐकलेलं कुठे सांगायचं नाही, हा या सेवेचा धर्म. अमेरिकेत १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्याने ही सेवा सक्तीची केली आणि २६ जुलै १९९३ पासून ती देशभर मिळू लागली.

आता तिथून थेट अकोल्याला येऊ. कारण टेलिफोन आणि अपंग माणूस यांचं नातं मी पहिल्यांदा पाहिलं ते अकोल्यातच.

माझ्या मोठ्या मामूंना लहानपणी पोलिओ झाला होता. दोन्ही पायांत बळ नाही, तीनचाकी सायकलवर हाताने पॅडल मारत फिरायचे. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था निघाली, देशी बनावटीची एक्स्चेंज गावोगाव पोचली आणि त्यामागून एसटीडी पीसीओचे पिवळे बूथ आले. हे बूथ देताना अपंगांना प्राधान्य असायचं. त्यात मामूंना एक मिळाला. मी तेव्हा बी. ए. करत होतो. संध्याकाळी त्यांच्या बूथवर बसायचो. रात्री अकरानंतर दर चौथाई व्हायचे, तेव्हा रांग लागायची. कुणाचा मुलगा सुरतेला, कुणाचा जावई मुंबईला. लाल आकडे पळायचे, माणसं रडायची, हसायची, आणि मामू काचेकडे पाठ करून बसायचे. दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये म्हणून.

त्याच काळात बँकांत आणि सरकारी कार्यालयांत टेलिफोनच्या बोर्डावर अनेक अंध ऑपरेटर काम करत होते. अंधांच्या संस्था त्यासाठी खास प्रशिक्षण देत. शेकडो एक्स्टेन्शन त्यांना तोंडपाठ असायची. म्हणजे पाहा, आपल्या देशात टेलिफोन चालवण्यात अपंगांचा वाटा मोठा होता. लोक त्यांच्या हातून बोलत होते. पण फोनचं यंत्र कसं असावं, बूथचा दरवाजा किती रुंद असावा, बिल कोणत्या रूपात यावं, हे ठरवताना त्यांना कुणी बोलावलं होतं? मामू तर म्हणायचे, "मले धंदा देला, बूथ देला, पण बूथमंदी मले घुसता येत नाही!" ते खरंच होतं. गिऱ्हाइकाच्या खोलीत ते कधी जाऊ शकले नाहीत. बाहेरच्या टेबलापाशीच बसायचे.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. २००२ मध्ये विदर्भातल्या एका शहरातल्या दूरध्वनी कार्यालयाच्या सल्लागार समितीवर माझं नाव गेलं. शहराचं आणि कार्यालयाचं नाव सांगत नाही, कारण जी फजिती झाली तिला मीच कारण होतो. अशा समित्यांवर डॉक्टर, वकील, व्यापारी, पत्रकार असत, तसा एखादा साहित्यिकही लागतो. बैठकीत चहा-बिस्किटं होत, बंद पडलेल्या फोनची आणि फुगलेल्या बिलांची चर्चा होई. एकदा विषयपत्रिकेवर शेवटचा मुद्दा आला, अपंगांसाठी सोयी. अधिकारी भले गृहस्थ. मला म्हणाले, "तुमच्या घरात अपंग व्यक्ती आहे, तुम्हीच बोला."

मी बोललो. कवीच तो, भरभरून बोललो! दोन सूचना केल्या. कार्यालयाबाहेरच्या सार्वजनिक फोनला उतार करावा, आणि बहिऱ्यांसाठी मोठ्या आवाजाची घंटा असलेले फोन मिळावेत. टाळ्या पडल्या. सहा महिन्यांत उतार तयारही झाला. मी मोठ्या अभिमानाने मामूंना दाखवायला घेऊन गेलो.

मामूंनी सायकल चढवायचा प्रयत्न केला. उतार इतका उभा की दोनदा मागे आले. तिसऱ्यांदा मी ढकललं. वर गेलो तर बूथचं दार बाहेरच्या बाजूला उघडणारं. दार उघडायचं तर सायकल मागे घ्यायला हवी, आणि मागे तोच उतार. घरी आम्ही उर्दू बोलतो, पण मामू रागावले की वऱ्हाडीत येत. म्हणाले, "लेका, मी फोन लावू का घसरू? तू माह्यासाठी बोलला, पण मले इचारलं काय?"

घंटेचंही तसंच झालं. माझा कवितासंग्रह तेव्हा डीटीपीला होता. अक्षरजुळणी करणारा तरुण पूर्ण बहिरा. आम्ही कागदाच्या चिठ्ठ्यांवर बोलायचो. मी त्याला माझी सूचना उत्साहाने लिहून दाखवली. त्याने खाली लिहिलं, "घंटा ऐकू आली समजा. फोन उचलल्यावर काय करू?" मी गप्प. ज्यांना थोडं कमी ऐकू येतं त्यांना मोठ्या घंटेचा उपयोग आहे, हे खरं. पण मी बहिरे म्हणून सगळ्यांना एकाच पिशवीत भरलं होतं. त्याने चिठ्ठी पालटून मागे आणखी एक ओळ लिहिली. "कविता तुम्ही करा, तक्रार मला करू द्या."

ती चिठ्ठी माझ्याकडे अजून आहे. प्रतिनिधित्व म्हणजे काय, हे मला त्या दोन वाक्यांनी शिकवलं. कळवळा असणं वेगळं आणि प्रतिनिधी असणं वेगळं. मी त्यांच्या वतीने बोलत होतो, पण त्यांचं बोलणं माझ्या तोंडून येत नव्हतं.

हा प्रश्न किती लोकांचा आहे? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले. त्यांपैकी ५० लाखांहून अधिक कर्णबधिर आणि ५० लाखांहून अधिक दृष्टिहीन. महाराष्ट्रात एकूण २९ लाख ६३ हजार. तेव्हा आठच प्रकारचे अपंगत्व मोजले होते. पुढे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला आणि प्रकार २१ झाले. शिवाय म्हातारपणी ज्याला कमी दिसतं, कमी ऐकू येतं, ज्याचा हात थरथरतो, तो कुठल्याच यादीत नसला तरी फोन वापरताना त्याचीही तीच अडचण होते.

अडचणी कशा असतात ते बघा. साध्या बटनांच्या फोनवर ५ या आकड्यावर एक बारीक उंचवटा असतो. आपण कधी लक्ष दिलं नसेल. अंध माणूस त्यावर बोट ठेवतो आणि बाकीचे नऊ आकडे त्याला सापडतात. एवढ्याशा टिंबावर कितीतरी लोकांचं स्वातंत्र्य उभं होतं. काचेचा गुळगुळीत पडदा आला आणि ते टिंब गेलं. पुढे पडदा वाचून दाखवणारी प्रणाली फोनमध्ये आली, तेव्हा काम सुधारलं. पण ॲप बनवणाऱ्याने बटनाला नावच दिलं नसेल तर ती प्रणाली नुसतं "बटन, बटन" म्हणत राहते. चित्रातली वाकडी अक्षरं ओळखा म्हटलं की अंध अडला. अर्ध्या मिनिटात ओटीपी भरा म्हटलं की ज्याची बोटं हळू चालतात तो अडला. तक्रारीसाठी १९८ वर फोन करा म्हटलं की बहिरा अडला. म्हणजे फोनची तक्रार करायलाही फोनच!

अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी आयुष्य वेचलं. कुष्ठरोगातून बरी झालेली व्यक्ती आजच्या कायद्यात दिव्यांग धरली जाते. या रोगात नसा बधिर होतात, बोटं झिजतात. सिमकार्डासाठी यंत्रावर बोटाचा ठसा मागितला तर अशा माणसाने काय करावं? आणि अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला जा. शंकरबाबा पापळकरांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्या बालगृहात अंध, मूकबधिर, मतिमंद अशी मुलं एकाच छताखाली वाढली. एकाची सोय ती दुसऱ्याची अडचण होऊ शकते, हे तिथे चटकन समजतं. बोलणारं यंत्र अंधाला हवं, बहिऱ्याला ते दगडासारखं. म्हणून "अपंगांचा एक प्रतिनिधी" हा शब्दप्रयोगच अपुरा आहे.

आता देखरेखीकडे येऊ. आपल्याकडे टेलिफोन कंपन्यांवर लक्ष ठेवणारी मुख्य संस्था म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजेच ट्राय. ती १९९७ मध्ये स्थापन झाली. कॉल किती तुटतात, नेट किती वेगाने चालतं, हे ती मोजते. नवा नियम करण्याआधी ती एक चर्चापत्र काढते आणि त्यावर कुणीही लेखी मत पाठवू शकतो. डिसेंबर २०१७ मध्ये अपंगांना वापरता येण्याजोग्या दूरसंचार सेवांवर असं चर्चापत्र निघालं आणि ९ जुलै २०१८ रोजी ट्रायने सरकारला शिफारशी केल्या. त्यात एक देखरेख करणारी समिती नेमण्याची शिफारस होती. पाच किंवा अधिक प्रकारचे फोन बनवणाऱ्या कंपनीने २०२० च्या अखेरपर्यंत किमान एक फोन अपंगांना वापरता येईल असा बनवावा, असंही म्हटलं होतं. शिफारशी चांगल्या होत्या. पण शिफारस म्हणजे हुकूम नव्हे. सरकारवर ती बंधनकारक नसते.

ग्राहकांच्या तक्रारींसाठी २०१२ चे नियम आहेत. तक्रार सुटली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जायचं. तिथे दोन सदस्यांची सल्लागार समिती असते, एक ग्राहक संस्थेचा आणि एक कंपनीचा. जागा आहे, पण तिथे अपंग ग्राहक असलाच पाहिजे असं नाही.

याउलट २०१६ चा कायदा बघा. त्यातल्या केंद्रीय सल्लागार मंडळावर अपंगांच्या संस्थांचे दहा प्रतिनिधी घ्यायचे असतात. ते शक्यतो स्वतः अपंग असावेत, त्यांत किमान पाच स्त्रिया असाव्यात, अनुसूचित जाती आणि जमातीची किमान एकेक व्यक्ती असावी, असं कायदा सांगतो. जिल्हास्तरीय समितीचीही तरतूद आहे. दिल्लीत मुख्य आयुक्त आहेत. त्यांनी केलेली शिफारस एखाद्या खात्याला मान्य नसेल, तर तीन महिन्यांत कारण कळवावं लागतं, आणि ते तक्रारदारालाही सांगावं लागतं. म्हणजे एकीकडे फोनवर देखरेख करणारी यंत्रणा आहे, तिथे अपंगांची खुर्ची पक्की नाही. दुसरीकडे अपंगांची खुर्ची आहे, पण ती यंत्रणा रोज फोन तपासत नाही. या दोहोंच्या मधल्या फटीत माझी भाची त्या रात्री सापडली.

हे इतर देशांनी कसं सोडवलं? ब्रिटनमध्ये २००३ च्या दळणवळण कायद्यातच लिहिलं आहे की नियामकाने वृद्ध आणि अपंगांच्या हिताविषयी सल्ला देणारी समिती नेमलीच पाहिजे. अमेरिकेत रिले सेवेच्या निधीवर एक सल्लागार मंडळ असतं. त्यात ऐकू न येणारे आणि बोलू न शकणारे वापरकर्ते, राज्यांचे प्रतिनिधी आणि सेवा देणाऱ्या कंपन्या एकत्र बसतात. २०१४ च्या अखेरीस तिथल्या नियामकाने अपंगत्वविषयक वेगळी सल्लागार समितीही नेमली. आणि तिथले नियम किती बारीक आहेत पाहा. टाइप करून चालणाऱ्या रिलेचे ८५ टक्के कॉल दहा सेकंदांत घेतले गेले पाहिजेत. मधल्या कर्मचाऱ्याचा टंकनाचा वेग मिनिटाला किमान ६० शब्द हवा. सेकंद आणि शब्द मोजणारे असे नियम असले, की सेवा नुसती आहे का एवढंच नव्हे, तर ती कामाची आहे का, हेही तपासता येतं. फोन उचलायला लागलेला एक मिनिट कुणाच्या जिवाचा असू शकतो, हे वापरणारालाच माहीत असतं.

आपल्याकडेही वारं बदलतं आहे, आणि ते न्यायालयातून आलं आहे. दृष्टिहीन असलेल्या राजीव रतुरी यांनी २००५ मध्ये याचिका केली होती. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्यात सांगितलं की सुगम्यतेचे निकष नुसते मार्गदर्शक असून चालणार नाहीत, ते सक्तीचे हवेत, आणि ते संबंधितांशी विचारविनिमय करून ठरवावेत. मग ३० एप्रिल २०२५ चा निकाल. अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांना बँकेच्या यंत्राने कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवायला सांगितलं होतं, आणि त्यांना ते शक्य नव्हतं. दुसरी याचिका दृष्टिहीन वकील अमर जैन यांची. न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि वीस निर्देश दिले. त्यातला एक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ॲप किंवा संकेतस्थळ लोकांसमोर आणण्याआधी ते अंध व्यक्तींकडून तपासून घ्यावं. म्हणजे माझ्या मामूंचा प्रश्न आता न्यायालयाच्या भाषेत लिहिला गेला आहे, "मले इचारलं काय?"

पैशाची बाजूही आहे. दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातला पाच टक्के वाटा एका निधीत जातो. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानंतर त्याचं नाव डिजिटल भारत निधी झालं. २०२४ च्या नियमांत या निधीचा उपयोग ज्यांच्यासाठी करायचा त्यांत अपंगांचा स्पष्ट उल्लेख आहे. देशभर चोवीस तास चालणारी, सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांची रिले सेवा यातून का उभी राहू नये? ११२ या आपत्कालीन क्रमांकाला ॲपमधलं बटन दाबूनही हाक देता येते, हे चांगलंच आहे. पण पलीकडून चौकशीचा फोन आला तर माझी भाची काय ऐकणार? हा प्रश्न आराखडा करणाऱ्यांच्या मनात येईलच असं नाही. तो तिच्या मनात पहिल्यांदा येतो.

मग प्रतिनिधी कसे असावेत? माझ्या फजितीतून मला चार गोष्टी समजल्या, त्या सांगतो. पहिली, प्रतिनिधी स्वतः ती सेवा वापरणारा हवा, त्याचा भाऊ, मामा किंवा कवी नव्हे. दुसरी, एक माणूस पुरत नाही. अंध, बहिरा, हातापायांनी अधू, बुद्धीने मागे असलेला, प्रत्येकाची वाट वेगळी. स्त्रियांची आणखी वेगळी, खेड्यातल्या माणसाची त्याहून वेगळी. तिसरी, बोलावलं की भागत नाही. बहिऱ्या सदस्याला दुभाषा हवा, अंध सदस्याला वाचून दाखवता येईल अशा रूपात कागद हवेत, धारणी-चिखलदऱ्याहून येणाऱ्याला प्रवासखर्च हवा, आणि मराठीतून मांडायची मुभा हवी. नाहीतर खुर्ची देऊन तोंड बांधल्यासारखं होतं. चौथी, काम होण्याआधी विचारा. सिमेंट वाळल्यावर उतार बदलता येत नाही.

आणि जो प्रतिनिधी होईल त्याच्यावरही जबाबदारी येते. बैठकीला जाण्याआधी आपल्या माणसांना विचारायचं, आल्यावर काय झालं ते सांगायचं. आमच्या वऱ्हाडात अपंगांच्या प्रश्नांवर मोर्चे निघाले, धरणी झाली. अचलपूरचे आमदार राहिलेले बच्चू कडू यांची या विषयावरची आंदोलनं सगळ्यांनी पाहिली. रस्त्यावरचा आवाज गरजेचाच असतो. पण मोर्चा संपल्यावर बंद खोलीत फोनचा नियम लिहिला जातो, तिथेही कुणीतरी बसायला हवं.

तुम्ही-आम्ही काय करू शकतो? घरात कुणी अपंग असेल तर तिची तक्रार तिच्या शब्दांत लिहायला मदत करा, स्वतःचे शब्द घालू नका. कंपनीकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक जपून ठेवा. दाद लागली नाही तर अपील करा, आणि प्रश्न हक्काचा असेल तर दिव्यांगांच्या आयुक्तांकडे जा. महाराष्ट्राच्या आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे, पण टेलिफोन हा केंद्राचा विषय, म्हणून त्यासाठी दिल्लीच्या मुख्य आयुक्तांना लिहावं लागतं. ट्रायचं चर्चापत्र निघालं की शाळा-कॉलेजातल्या शिक्षकांनी त्याचा मराठी गोषवारा अपंगांच्या संस्थांना करून द्यावा. एवढं काम अमरावती-अकोल्यातल्या चार मंडळींनी केलं तरी पुष्कळ आहे.

मामू २०१४ मध्ये गेले. त्यांचा बूथ त्याआधीच बंद पडला होता, मोबाइलने तो खाल्ला. भाची मात्र मोबाइलवर मजेत असते. व्हिडिओ कॉलवर मैत्रिणींशी तिचे दोन्ही हात तासन् तास बोलतात. समोरची काकू तिच्याकडून चार-दोन खुणा शिकली आहे, त्यात "दुखतंय" ही पहिली.

आज मी जे बोलतो आहे ते अंध श्रोत्यांपर्यंत रेडिओतून पोचेल. पण भाचीला ते ऐकू येणार नाही. म्हणून हे भाषण छापून यावं असा मी आग्रह धरला. आणि छापायला देण्याआधी तिला वाचायला दिलं. तिने दोन जागी पेन्सिलीने खूण केली. एका ठिकाणी मी "बिचारी" असा शब्द वापरला होता, तो तिने खोडला. दुसऱ्या ठिकाणी मी लिहिलं होतं, "आपण यांच्यासाठी बोललं पाहिजे." तिथे तिने "साठी" वर काट मारली आणि वर लिहिलं, "यांच्याशी".

दोन्ही दुरुस्त्या मी मान्य केल्या आहेत.